दहा घरांचा नायक कोण?

(किनवट येथे स्वयंसेवक, आशाताई, अंगणवाडीताई आणि बचत गटांच्या भगिनींच्या पावसाळापूर्व मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)





मिरग आठ-दहा दिवसांवर आला आहे. तुमच्यापैकी अनेकांच्या घरी बियाण्याच्या पिशव्या आल्या असतील आणि छप्पर शाकारायचे काम अजून अर्धे राहिले असेल. अशा घाईच्या दिवसांत तुम्ही माहूर, इस्लापूर, मांडवीकडून इतक्या लांबून आलात, म्हणून फार लांबण लावणार नाही. मला एकच प्रश्न विचारायचा आहे. संकट आले तर तुमच्या पोडात, तुमच्या तांड्यात, तुमच्या वाडीत हुकूम कोणाचा चालेल? कोण म्हणेल, "चला, उठा, निघा," आणि लोक ऐकतील?

हा प्रश्न माझ्या मनात लहानपणीच शिरला. मी लातूर जिल्ह्यातला, औसा तालुक्यातला. १९९३ साली मी तेरा वर्षांचा होतो. २९ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी होती. गणपती विसर्जन करून लोक थकून झोपले होते. पहाटे चारच्या सुमारास जमीन हलली. आमचे गाव किल्लारीपासून जरा लांब होते, म्हणून आम्ही वाचलो. वडिलांनी आम्हा भावंडांना अंगणात ओढले. उजाडल्यावर बातम्या येऊ लागल्या की किल्लारी गेली, सास्तूर गेले. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर माळवदाचे ओझे. झोपेतली माणसे त्याखाली गाडली गेली. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, ह्या दोन जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसे गेली.

नंतरच्या दिवसांतले एक दृश्य मला विसरता येत नाही. मदत करायला निघालेले ट्रक आणि नुसते बघायला निघालेले लोक एकाच रस्त्यावर अडकले होते. वरून पाऊस. रुग्णवाहिकेला वाट मिळेना. कपड्यांचे ढीग रस्त्याच्या कडेला भिजत पडलेले मी पाहिले. माणसांची माया कमी नव्हती. पण कोणी कुठे जायचे, कोणी थांबायचे, काय आणायचे, हे सांगणारी व्यवस्था पहिल्या तासांत नव्हती. त्या वेळी देशात आपत्तीसाठी वेगळा कायदाही नव्हता. दुष्काळासाठी इंग्रजांच्या काळापासून चालत आलेली नियमावली होती. जिल्हाधिकारी आणि महसूल खाते त्याच जुन्या घडीवर काम करत आले होते. दुष्काळ हळूहळू येतो, महिनोन्‌महिने वेळ देतो. भूकंपाने एक मिनिटही दिले नाही.

तरी त्याच लातूरने पुढे बरेच काही शिकवले. बावन्न गावे नव्या जागी वसवावी लागली. जागतिक बँकेच्या साहाय्याने मोठा पुनर्वसन कार्यक्रम झाला. ज्या गावांतली घरे तडकली होती पण उभी होती, तिथे लोकांनी स्वतःच्या घरांची दुरुस्ती करायची आणि सरकारने हप्त्याहप्त्याने पैसे द्यायचे, असे ठरले. पण घरमालकाला समजावणार कोण? कागद कुठे अडला ते विचारणार कोण? तेव्हा गावोगावी बायकांनाच 'संवाद सहायक' म्हणून नेमले गेले. स्वयं शिक्षण प्रयोग ह्या संस्थेने त्यांना तयार केले. ज्या बाईने कधी ग्रामपंचायतीची पायरी चढली नव्हती, ती इंजिनिअरला विचारू लागली की कोपऱ्याच्या भिंतीत सळई कुठे आहे. वरचा आराखडा आणि खालचे घर ह्यांच्यामध्ये एक ओळखीचे माणूस उभे राहिले आणि काम पुढे सरकले.

आता कायद्याकडे येतो. १९९९ साली ओडिशात महाचक्रीवादळ आले, सुमारे दहा हजार माणसे गेली. २००१ साली भूजचा भूकंप झाला. २००४ साली त्सुनामी आली. त्यानंतर २००५ साली आपत्ती व्यवस्थापन कायदा झाला. त्यात अधिकाराची उतरंड ठरवून दिली आहे. देशात पंतप्रधान, राज्यात मुख्यमंत्री, जिल्ह्यात जिल्हाधिकारी. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात आणि जिल्हा परिषदेचे अध्यक्ष सहअध्यक्ष असतात. पोलीस अधीक्षक आणि जिल्ह्याचे वैद्यकीय प्रमुख त्यात असतात. दर वर्षी जिल्ह्याचा आराखडा तपासून नवा करायचा असतो.

तुम्ही म्हणाल, भाऊ, हे आम्हाला कशाला सांगता? सांगतो अशासाठी, की पुराच्या वेळी एका गावात किती खात्यांचे काम असते ते बघा. शाळेची इमारत जिल्हा परिषदेची. आश्रमशाळा आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाची. धरणाचे दरवाजे जलसंपदा खात्याकडे. विजेचे खांब महावितरणकडे. बोट आणि लाइफ जॅकेट तहसीलकडे. जंगलातली वाट वन खात्याची. एरवी ह्यांच्यात एक कागद हलायला पंधरा दिवस लागतात. आपत्तीच्या वेळी मात्र कायदा जिल्हाधिकाऱ्यांना ह्या सर्वांवर अधिकार देतो. ते कोणत्याही खात्याचा माणूस, गाडी, इमारत मागू शकतात, रस्ता बंद करू शकतात, निवारा उघडायला लावू शकतात. कारण नसताना आदेश डावलणाऱ्याला शिक्षा आहे. तालुक्यात ही जबाबदारी तहसीलदार पाहतात. त्यांच्या खाली मंडळ अधिकारी, मग तलाठी, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, मग ग्रामसेवक, पोलीस पाटील आणि कोतवाल. ग्रामपंचायत हीसुद्धा ह्या कायद्याने 'स्थानिक प्राधिकरण' आहे. आपल्या लोकांना तयार ठेवणे, साधने वापरण्याजोगी ठेवणे, हे तिचे कर्तव्य म्हणून लिहिले आहे. सरपंचांना हे सांगा. आपत्ती म्हणजे फक्त तहसीलदारांचे काम नव्हे.

कोणी म्हणेल, चक्रीवादळ तर समुद्रकाठी, आपल्याला त्याचे काय? सप्टेंबर २०२१ आठवा. गुलाब नावाचे चक्रीवादळ २६ तारखेच्या रात्री बंगालच्या उपसागरातून आंध्रच्या किनाऱ्याला धडकले. वारा जमिनीवर येता येता ओसरला, पण पाणी घेऊन ते तेलंगणातून मराठवाड्यात आले. दोन दिवसांत मांजरा धरणाचे दरवाजे उघडावे लागले. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत मांजरा आणि तेरणेच्या काठची गावे वेढली गेली. लोकांना काढायला एनडीआरएफचे जवान आणि हेलिकॉप्टर आणावे लागले. ज्या लातूरला २०१६ साली रेल्वेने पाणी आणले होते, त्याच लातूरची ही गोष्ट. आणि मागच्याच ऑगस्टमध्ये, २०२५ साली, आपल्या मुखेड तालुक्यात रात्रीतून पाणी चढले. हसनाळसारख्या गावात माणसे गेली, लष्कराला बोलवावे लागले.

नांदेडचे पाणी फक्त नांदेडच्या पावसाने चढत नाही, हेही लक्षात ठेवा. वर जायकवाडीतून सोडले, माजलगावातून सोडले, की विष्णुपुरीचे दरवाजे उघडतात आणि गोदावरी शहरात शिरते. आपली पैनगंगा तशीच. इसापूर धरण आपल्या जिल्ह्यात नाही, पण त्याचे पाणी हिमायतनगर, किनवट, माहूरच्या काठाने जाते. म्हणून एका जिल्ह्याच्या अभियंत्याने दुसऱ्या जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाला कळवायचे, तिथून तहसीलला, तिथून गावाला. तुमच्या डोक्यावर ऊन असेल आणि तरी नदी चढेल. "इकडे तर थेंब नाही," म्हणून निरोप हसण्यावारी नेऊ नका.

आता मी माझी एक चूक सांगतो. काही वर्षांपूर्वीचा जुलै. ह्याच भागातले कोलामांचे एक पोड, चौदा घरांचे. मूळ गाव रस्त्यावर, उंचावर. पोड नाल्यापलीकडे. सकाळी इशारा आला की अतिवृष्टी होणार, नाल्याकाठच्या लोकांनी सावध राहावे. सरपंच भले माणूस. त्यांनी लगेच गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकले. पण पोडात रेंज नाही. रेंजसाठी टेकडीवर चढावे लागते. आणि त्या दिवशी टेकडीवर कोण चढणार? सगळे निंदणीला.

संध्याकाळी नाला भरला आणि त्याच वेळी एका मुलीच्या पोटात कळा सुरू झाल्या. पहिले बाळंतपण. १०८ ची गाडी अलीकडे रस्त्यावर येऊन उभी राहिली. पलीकडे बाज उचलून चार माणसे. मध्ये पाणी. मग ती माणसे नाल्याच्या वरच्या अंगाने, जंगलातून, अंधारात फिरून आली. तीन तास लागले. बाजेवर प्लॅस्टिकचा कागद धरून सासू सोबत चालत होती. देवाची कृपा, आई आणि लेकरू दोघेही वाचले. ते लेकरू आता अंगणवाडीत जाते.

दुसऱ्या आठवड्यात मी रागाने एका कार्यालयात गेलो. विचारले, तुमच्या आराखड्यात हे गाव कुठे आहे? कारकुनाने यादी काढली. पूरप्रवण गावांत नव्हते, कारण मूळ गावात कधी पाणी येत नाही. पावसाळ्यात संपर्क तुटणाऱ्या गावांतही नव्हते, कारण मूळ गावाला डांबरी रस्ता आहे. आणि पोडाचे वेगळे नावच नव्हते. तो म्हणाला, "साहेब, हे नाव आमच्याकडे कोणी दिलेच नाही." मी भांडायच्या तयारीने गेलो होतो. पण परत येताना गाडीवर मला जाणवले की मी त्या पोडात सात वर्षे जात होतो. औषधे नेली, पाटीपुस्तके नेली, लग्नात जेवलो. नाव मीही दिले नव्हते.

पवित्र शास्त्रात मोशेची एक गोष्ट आहे. सकाळपासून संध्याकाळपर्यंत तो एकटाच सगळ्यांचे तंटे ऐकत बसायचा. लोक उभे राहून थकायचे, तोही थकायचा. त्याचा सासरा इथ्रो भेटायला आला आणि म्हणाला, हे बरे नाही, तूही झिजशील आणि लोकही. हजारांवर नायक नेम, शंभरांवर नेम, पन्नासांवर नेम आणि दहांवर नेम. सासऱ्याचे ऐकणारा जावई दुर्मीळ, पण मोशेने ऐकले. माझ्या मनात ती गोष्ट नेहमी येते. आपल्याकडे हजारांवरचा नायक आहे, शंभरांवरचा आहे. जिल्हा, तालुका, मंडळ, गाव, सगळीकडे नाव आणि फोन नंबर लिहिलेले आहेत. दहांवरची जागा रिकामी आहे. ती वरून कोणी भरणार नाही. तहसीलदारांना तुमच्या पोडातली म्हातारी कुठल्या घरात झोपते ते माहीत नसते, आणि माहीत असण्याची अपेक्षाही चूक आहे. ते तुम्हाला माहीत आहे.

ओडिशाचे उदाहरण द्यावेसे वाटते. १९९९ नंतर त्यांनी किनाऱ्यावर निवारे बांधले, पण नुसत्या इमारती बांधल्या नाहीत. निवाऱ्यागणिक गावातल्याच लोकांची समिती, तरुणांचे गट, कोणी निरोप द्यायचा, कोणी म्हाताऱ्यांना आणायचे, कोणी चूल पाहायची, हे ठरवले आणि दर वर्षी सराव केला. २०१३ साली फायलिन वादळ आले तेव्हा सुमारे दहा लाख लोक हलवले गेले आणि मृत्यू काही दहांवर थांबले. सरकारचा हुकूम होताच, पण दार वाजवणारा माणूस शेजारचा होता.

तर आपण काय करायचे? पहिले, दर दहा घरांमागे दोन नावे ठरवा, एक बाई आणि एक माणूस. एकच नको, कारण तो नेमका बाजाराला गेलेला असतो. त्यांनी एक कागद करायचा. सातवा, आठवा, नववा महिना असलेल्या बायका, अंथरुणावरची म्हातारी माणसे, अपंग, रोज गोळी लागणारे रुग्ण, आणि आईबाप ऊसतोडीला किंवा वीटभट्टीला गेलेली मुले. आशाताईंकडे बाळंतपणाच्या तारखा असतातच. ज्या पोडाचा संपर्क तुटतो तिथल्या बाईला तारखेच्या आधीच दवाखान्याजवळ आणून ठेवायचे, हे पावसाच्या दिवशी ठरवायचे नसते, आज ठरवायचे असते. गडचिरोलीत भामरागडला पर्लकोटेच्या पुराने दर वर्षी वाट बंद होते, म्हणून तिथे पावसाळ्याआधीच धान्य पोचवून ठेवतात. आपल्या वस्तीसाठीही हे मागता येते.

दुसरे, जागा. कुठे जायचे? शाळा, समाजमंदिर की उंचावरचे एखादे पक्के घर? आणि किल्ली कोणाकडे? हसू नका. मुसळधार पावसात कुलपापुढे उभी राहिलेली माणसे मी पाहिली आहेत.

तिसरे, निरोप. जिथे रेंज नाही तिथे ढोल आहे, शिट्टी आहे, डफडे आहे. कोणता आवाज म्हणजे निघायचे, ते ठरवा. निरोप कोलामीत, गोंडीत, गोरमाटीत द्या. 'नदीपात्रात विसर्ग वाढविण्यात येत आहे' हे वाक्य मला कळायला दोनदा वाचावे लागते. म्हणून सांगा, "पाणी सोडलंय, नाल्यात उतरू नका, जनावरं वर घ्या." विजेचेही सांगा. आभाळ गडगडले की मोहाच्या झाडाखाली थांबू नका. शेळ्या वळणाऱ्या पोरांना हे रोज सांगावे लागते.

चौथे, नाव कागदावर आणा. १ मे ची ग्रामसभा होऊन गेली, पण विशेष ग्रामसभा मागता येते. ठराव करा की आमचे अमुक पोड पावसाळ्यात इतके दिवस तुटते, ह्या नाल्यामुळे तुटते, त्याची नोंद आराखड्यात व्हावी. ठरावाची एक प्रत तहसीलला, एक पंचायत समितीला, एक प्रकल्प कार्यालयाला द्या आणि पोच घ्या. किनवटचा मोठा भाग अनुसूचित क्षेत्र आहे. पेसा कायद्याने पोडाला, गुड्याला स्वतःचे गाव म्हणून, स्वतःच्या ग्रामसभेसह ओळख मिळवण्याची वाट आहे. ती लांबची वाट आहे, पण सुरुवात ह्या ठरावाने होते. नाल्यावरचा फरशी पूल ग्रामपंचायत विकास आराखड्यात बसवता येतो का, तेही विचारा.

पाचवे, पाणी ओसरल्यानंतरचे. मदत पंचनाम्यावर मिळते, पंचनामा नोंदीवर होतो. घर पडले तर फोटो काढा. जनावर दगावले तर पंचनाम्याआधी पुरू नका, लगेच तलाठ्यांना आणि पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा. माणूस गेला तर शवविच्छेदन टाळू नका, दुःखात ते नकोसे वाटते, पण त्या कागदावाचून मागे राहिलेल्या बाईला मदत मिळत नाही. वीज पडून झालेला मृत्यूही महाराष्ट्रात ह्या मदतीत धरला जातो. आणि अतिवृष्टी म्हणजे काय? मंडळाच्या पर्जन्यमापकावर चोवीस तासांत ६५ मिलिमीटर. मापक असते एका गावात, ढग फुटतो दुसऱ्या गावात. म्हणून नुकसान झाले की त्याच दिवशी लेखी कळवा, मोजमाप कमी दाखवते म्हणून गप्प बसू नका.

शेवटी आपल्या स्वयंसेवकांसाठी एक शब्द. संकटाच्या वेळी आपण वेगळे राज्य चालवायचे नाही. मदत घेऊन निघण्याआधी तहसीलच्या नियंत्रण कक्षाला सांगायचे की आम्ही इतके जण आहोत, ही गाडी आहे, कुठे जाऊ? जिल्ह्याचा नंबर १०७७, रुग्णवाहिका १०८, पोलीस ११२. किल्लारीचा तो अडलेला रस्ता लक्षात ठेवायचा. ज्याच्या हाती अधिकार आहे त्याचे हात बळकट करायचे, आणि तो चुकला तर नंतर, शांतपणे, कागद घेऊन विचारायचे.

समोरच्या टेबलावर कोरे कागद ठेवले आहेत. चहा होण्याआधी प्रत्येकाने आपल्या वस्तीचे नाव, घरे किती, कोणता नाला, आणि दहा-दहा घरांमागे दोन नावे लिहायची. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी शेजारच्या ताईला सांगा. सोमवारी आपण सगळे कागद एकत्र घेऊन तहसीलला जाणार आहोत. ह्या वर्षी कोणी मला "नाव दिलेच नाही" असे म्हणू नये, इतकीच माझी इच्छा आहे.

देव तुम्हा सर्वांना आणि तुमच्या लेकराबाळांना ह्या पावसाळ्यात सांभाळो.